दाराची ट्रायल

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. ज्या मोटारीत मी सासूबाईंसकट कोंडली गेले, तिचं दार मीच केलं होतं.

म्हणजे अगदी हातोडी घेऊन नव्हे. पण बावीस वर्षं मी एका अमेरिकन मोटार कंपनीच्या दारांच्या खात्यात आहे आणि त्या दाराच्या प्रत्येक कागदावर माझी सही आहे. कंपनीचं नाव सांगणार नाही. माझं पेन्शन अजून सुरू व्हायचं आहे.

आमच्या कंपनीचा इतिहास मात्र सांगते, कारण तो मला फार आवडतो. शंभरेक वर्षांपूर्वी आमचे संस्थापक सुतारकाम करत. आधी शवपेट्या, मग घोडागाड्या, मग मोटारी. कंपनीच्या पुस्तिकेत गोष्ट थेट घोडागाड्यांपासून सुरू होते, पण मुख्य इमारतीच्या दर्शनी हॉलमधल्या जुन्या फोटोत दुकानाची पाटी आहे आणि भिंग लावलं तर शवपेट्याही वाचता येतात. मी भिंग लावलं होतं. माणसाला पेटीत व्यवस्थित बसवायचं आणि झाकण घट्ट लावायचं, हे आमच्या धंद्याचं मूळ आहे.

दुसरी गोष्ट पार्किंगची. आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायला राहतो. इथे शेजारी कोण कुठल्या गावचा हे नंतर विचारतात, आधी दारात मोटार कोणत्या कंपनीची आहे ते बघतात. आमच्या ऑफिसात तर कायदाच आहे. कंपनीची गाडी असेल तर इमारतीला लागून जागा. दुसऱ्या कोणाची असेल तर मागचं पार्किंग, तळ्यापलीकडे, जिथून चालत येताना हिवाळ्यात नाक गळून पडतं. बावीस वर्षांत मी एकदाही दुसऱ्याची गाडी नेली नव्हती. घरात आवड-निवड हा प्रश्नच नव्हता. नवीन मॉडेल आलं की कर्मचाऱ्यांच्या सवलतीत घ्यायचं आणि जन्मभर त्याचं कौतुक करायचं. नवरा याला दुसरं लग्न म्हणतो.

आणि तिसरी गोष्ट, पत्रं. गाडीच्या मालकांच्या तक्रारी आमच्याकडे येतात. दारांविषयीच्या माझ्याकडे. कोणाच्या कुत्र्याने पंजाने कुलूप लावलेलं असतं, कोणाचा कोट दारात अडकलेला असतो आणि त्याला नव्या कोटाचे पैसे हवे असतात. प्रत्येक तक्रार बंद करताना एक कारण निवडावं लागतं. त्यातलं आमचं सगळ्यांचं लाडकं कारण म्हणजे ‘कस्टमर एज्युकेशन’. दोष गाडीचा नाही, मालकाला माहिती कमी आहे, त्याने पुस्तिकेतलं अमुक पान वाचावं. क्लिक केलं की तक्रार मिटली.

मिशिगनच्या अगदी उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या आजींची तक्रार मी अशीच मिटवली होती. दोनदा. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. तीन पानं, पेन्सिलीने लिहिलेली. त्यांची गाडी, आमच्याच कंपनीची नवी विजेची, घराच्या दारात बंद पडली आणि त्या आत पाऊण तास अडकल्या, पोस्टमन येईपर्यंत. मी उत्तर दिलं, पुस्तिकेतलं पान बघा. त्यांचं दुसरं पत्र आलं: पान पाहिलं, कडीही सापडली, पण माझी बोटं वाकडी आहेत, ती तिच्यात जात नाहीत. मी पुन्हा तेच पान पाठवलं. सोबत त्याची मोठ्या अक्षरातली प्रत जोडली, आणि आपण किती सहृदय आहोत असं मला वाटलं.

आता ती कडी. आमच्या नव्या विजेच्या गाडीला आतून मूठच नाही. एक बटण आहे. दाबलं की दार लाडात आल्यासारखं अलगद सुटतं. पण गाडीतली छोटी बॅटरी मेली तर बटणही मेलं. त्यासाठी दाराच्या खालच्या खणात, तळाशी, एका झाकणाखाली तारेची कडी ठेवलेली आहे. अंगठीएवढी. डिझाइनवाल्यांना ती दिसायला नको होती, म्हणून मी ती इतकी लहान केली. तिच्यासाठी मला खात्यात टाळ्या पडल्या होत्या.

हेच दार पुढच्या मॉडेललाही जसंच्या तसं लावायचं ठरलं होतं. त्या सोमवारी अकरा वाजता शेवटची सही, आणि सही माझी. साहेबांनी शुक्रवारी माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं होतं, “सोमवारी अकराला दार पास कर. मंगळवारी चीफच्या खुर्चीसाठी तुझं नाव पाठवतो.” ती खुर्ची मी नऊ वर्षं डोळ्यांनी झिजवत होते.

तर सोमवार. जानेवारी. दोन दिवस बर्फ पडलेलं, गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी. नवरा सकाळीच ऑफिसला गेलेला. सासूबाई कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना साडेनऊला देवळातल्या ज्येष्ठांच्या भजनाला सोडायचं आणि तसंच पुढे ऑफिसला जायचं. मी पर्स गाडीच्या टपावर ठेवली, आईंना बसवलं, त्यांचा पट्टा लावला, वळसा घालून माझ्या जागी बसले आणि दार ओढलं. आमचं दार लागण्याचा आवाज फार सुंदर आहे. त्यावर आम्ही एक अख्खं वर्ष घालवलं आहे. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उगवलं, स्वागताची अर्धी धून वाजली, आणि सगळं काळं झालं.

आई काचेतून समोर बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “निघाली का गं? काही कळतच नाही बाई, इतकी गुळगुळीत.”

“नाही आई. बंद पडली.”

“मग उतरू या.”

“हो,” असं म्हणून मी बटण दाबलं. मग त्यांच्या बाजूचं दाबलं. मग मागच्या दोन दारांची, सीटवरून उलटी लोंबकळून. मग हॉर्न. हॉर्नही मुका.

अशा वेळी डोकं शांत ठेवायचं असं मी लोकांना बावीस वर्षं लिहून कळवत आले आहे. मी डोकं शांत ठेवून किंचाळले. गॅरेजचा दरवाजा बंद, बाहेर बर्फ, आणि आमच्या काचा दुहेरी, आवाज आत येऊ नये म्हणून केलेल्या. त्या आवाज बाहेरही जाऊ देत नाहीत. हे आम्ही जाहिरातीत लिहीत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. टपावर. आमच्या गाडीला टपाची जागा अख्खी काचेची आहे, तारे दिसावेत म्हणून. त्या काचेतून मला माझ्या पर्सचं बूड दिसत होतं, आणि तिच्यातून अर्धवट घसरलेला फोन, पालथा, काचेवर तोंड टेकून. साहेबांचं नाव माझ्या कपाळाच्या बरोबर वर एक वीत अंतरावर चमकत होतं. मी हात वर करून काचेवरून ते नाव चोळलं. माणूस किती खुळा होतो!

“तुमचा फोन कुठंय आई?”

“ओट्यावर. चार्जिंगला. तूच म्हणालीस राहू दे, तिथं कोणाचा फोन येतोय.”

म्हटलं होतं खरं.

“हवा पुरेल ना गं?” त्यांनी विचारलं.

“पुरेल आई. गाडी काही हवाबंद नसते.”

“नक्की? की दारासारखंच?”

हे त्या अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या. त्यांनी कराडला चाळीस वर्षं शिवणक्लास चालवला आहे. टोमणाही त्या उलटी टीप घालून मारतात, वरून दिसत नाही.

मी खणाकडे वळले. कडी! कडी आहेच की, काळजी कसली! हात घातला आणि बोटांना लागला मऊ, जाड, एकसंध नमदा, दाबलेल्या लोकरीचा.

इथे माझ्या खात्यातल्या माणसांचा एक रोग सांगायला हवा. आम्हाला दारातून येणारा आवाज सहन होत नाही. कुठे काही किणकिणलं की जेवण जात नाही. आई आल्यापासून त्यांचा सुपारीचा स्टीलचा डबा दाराच्या खणात खुळखुळत होता. त्यांना ‘डबा आणू नका’ म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून आदल्या रविवारी मी चारी खणांच्या तळाला नमदा चिकटवला. लॅबमधल्या गोंदाने. त्या गोंदाची ताकद मी स्वतः तपासून पास केलेली आहे. आणि कडीचं झाकण त्या नमद्याखाली. म्हणजे बाहेर पडायची एकमेव वाट मी स्वतःच्या हाताने, सुबक, सुरकुती न पडू देता बुजवली होती.

मी नखं लावली. नखं तुटली. गाडीची किल्ली म्हणजे एक प्लॅस्टिकचं कार्ड. ते कडेने खुपसलं, तर त्याचे दोन तुकडे. श्वासाने काचा पांढऱ्या झाल्या. गॅरेज दिसेनासं झालं आणि आमची पेटी आणखीच लहान झाली. पाय गारठले. डोक्यावर फोन पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. सव्वानऊ, साडेनऊ. मला त्या काचेखाली एकाएकी स्पष्ट दिसलं की मी कुठेच जाऊ शकत नाही. आत्ता या गाडीतून नाही, आणि तशी बावीस वर्षांत कधी गेलेच नव्हते. जवळचं पार्किंग, सवलतीची गाडी, पुढच्या वर्षीची खुर्ची. झाकण कसं अगदी मापात बसलं होतं.

“काय शोधतेस तिथं?” आई म्हणाल्या.

“एक कडी आहे. ओढली की दार उघडतं.”

“मग वर का नाही ठेवली?”

“दिसायला नको म्हणून.”

“कोणाला?”

मी कार्डाचा उरलेला तुकडा पुन्हा खुपसला. त्या पदर सारखा करून माझ्याकडे वळल्या. “कोणी केलंय हे?”

“मी.”

“ट्रायल कोणावर घेतली?”

मी सांगितलं: यंत्राचा हात असतो, तो हजारो वेळा ओढतो. शिवाय खात्यातले इंजिनियर ओढून बघतात.

“पोरगेसे?”

“बहुतेक.”

“आमच्याकडं मागं हुक लावायची फॅशन आली होती,” त्या म्हणाल्या. “मी गिऱ्हाइकाला म्हणायची, बाई, ब्लाउज इथं घाल आणि तुझ्या हातानं काढून दाखव. घालणं सोपं असतं. काढता आलं तर पैसे दे.”

मग का कोण जाणे, मी त्यांना त्या उत्तरेकडच्या आजींचं सांगितलं. शाळेची बस, पेन्सिल, पाऊण तास, वाकडी बोटं. कोंडल्या जागी माणूस फार खरं बोलतो.

“मग तू काय लिहिलंस?”

“पुस्तिकेतलं पान वाचा म्हणून.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“तेच पान.”

त्यांनी कमरेचा बटवा सोडला, डबा मांडीवर ठेवला, सुपारी तोंडात टाकली, आणि बटव्याच्या तळातून दोरे कापायची चिमुकली कात्री काढून माझ्यापुढे धरली.

“आई! ही तुमच्याकडे होती?”

“तू विचारलंस कुठं? तुझं आपलं नखानं चाललं होतं. मला वाटलं, इंजिनियर आहे, काहीतरी पद्धत असेल.”

मी नमदा भोसकला, उसवला, फाडला. झाकण निघालं. कडीत बोट घालून ओढलं आणि दार सुटलं! गॅरेजची गार, पेट्रोलच्या जुन्या वासाची हवा आत आली आणि मी ती लिंबाच्या सरबतासारखी प्यायले.

“चला आई, माझ्या बाजूने या.”

“थांब. माझं दार मी उघडते.”

त्यांनी त्यांच्या बाजूचा नमदा कापला. माझ्यासारखा नव्हे, सरळ रेषेत, जणू बाही बेतायची होती. झाकण काढलं. मग तर्जनी कडीत घातली. पेरापाशी ती अडकली. चाळीस वर्षांच्या कात्रीने त्यांची पेरं आल्याच्या गाठींसारखी झाली आहेत. मी ती रोज बघते, त्यांच्या हातची पोळी खाताना. करंगळी गेली, पण करंगळीत जोर कुठला? दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहिली, निसटली. शालीचं टोक गुंडाळून पाहिलं, पुन्हा निसटली. मी बाहेर उभी राहून बघत होते. बाहेरून उघडायला मूठ नाहीच. तिथेही बटणच.

शेवटी त्या हात चोळत, थोडं हसून म्हणाल्या, “जाऊ दे. माझीच बोटं मेली आखडलीत. थंडीनं असेल.”

माझीच बोटं! टोमणे मारायच्या ऐवजी त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या मापाला चुकीचं न म्हणणारी बाई माझ्या दारापुढे स्वतःला चुकीची म्हणत होती. मी दोन पत्रांत त्या आजींकडून हेच तर वदवून घ्यायला निघाले होते.

आई मधल्या कप्प्यावरून, नऊवारीचा काचा सावरत, माझ्या बाजूने बाहेर आल्या. दहा वाजून गेले होते. देवळातलं भजन संपत आलं असणार. लेक दूर कॉलेजात शिकते. तिची जुनी जपानी गाडी अंगणात बर्फाखाली झोपलेली होती. झाडली, किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू.

“ही बरी आहे की गं!”

“आई, तिथे गेल्यावर हे बोलू नका.”

“कुठं गेल्यावर?”

“माझ्या ऑफिसात. देवळात सोडायला वेळ नाही आणि आज तुम्हाला घरी एकटं ठेवायचं नाही.” खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं. त्यांना दर्शनी हॉलमध्ये बसवायचं, वर जायचं. आणि सही? रस्ताभर मी स्वतःला सांगत होते की एका म्हाताऱ्या बाईच्या बोटांवरून मोटार ठरत नाही. मग दुरुस्ती करायचे, दोन म्हाताऱ्या. मग खुर्ची डोळ्यांपुढे यायची, आणि मी वेग वाढवायचे.

मागचं पार्किंग. तळ्यापलीकडे. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी ती चाल चालले, आईंचा हात धरून, त्यांच्या पायांत लेकीचे बर्फाचे बूट. गेटवरचा रखवालदार मला ओळखतो. त्याने जपानी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून छातीशी धरली, जणू आमच्यात कोणी गेलं होतं.

हॉलमध्ये आमच्या संस्थापकांची पहिली मोटार ठेवलेली आहे, दोरीच्या कुंपणात. आईंनी तिला एक चक्कर मारली.

“हिला दारच नाही.”

“नव्हतंच आई तेव्हा. नुसतं चढायचं आणि बसायचं.”

“शहाणा माणूस होता,” त्या म्हणाल्या.

मी पाहुण्यांच्या बिल्ल्याच्या वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांना लिफ्टमध्ये घातलं.

खोलीत आठ-नऊ जण होते. मधोमध लाकडी चौकटीत एक सीट आणि तिच्या बाजूला माझं दार, चकचकीत, तारा जोडलेलं. साहेब म्हणजे सहा फुटी धिप्पाड गृहस्थ. त्यांचे आजोबाही याच कंपनीत होते. त्यांनी माझ्याकडे, मग नऊवारीकडे, मग बर्फाच्या बुटांकडे पाहिलं.

“मी तीन फोन केले. आणि या?”

“या गाडीच्या मालक,” मी म्हटलं. “आमच्या घरच्या गाडीच्या. सही करते, पण आधी या आतून दार उघडतील. वीज बंद करून.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, पण नाही म्हणाले नाहीत. कोणीतरी वीज काढली. आई चौकटीतल्या सीटवर बसल्या, मी झाकण काढून दिलं. बोट घातलं, अडकलं. चिमटीत धरलं, निसटलं. मागून एकजण हळूच म्हणाला, “कस्टमर एज्युकेशन करावं लागेल.” तो मला चिडवत नव्हता. मीच त्याला ते शिकवलं होतं.

साहेब वाकून आईंच्या हाताकडे बघत होते.

“काय म्हणतोय हा भोपळा?” आईंनी विचारलं.

“अजून काही नाही.”

“त्याला सांग, शिवलंय छान. माप घ्यायला विसरलात.”

एरवी सासूबाईंची वाक्यं मी अमेरिकनांना सांगताना बरीच धुऊन सांगते. हे मात्र जसंच्या तसं सांगितलं. फक्त भोपळा वगळला.

आईंनी बटवा उघडला. आतून ब्लाउजपीसची एक चिंधी निघाली, भडक राणी रंगाची. ती त्यांनी कडीतून ओवली, दोन टोकांची गाठ मारली, तो फास मनगटात अडकवला, आणि बोटं न वापरता नुसता हात मागे ओढला. दार सुटलं. सुटण्याचा आवाजही आमचा फार सुंदर आहे.

साहेबांनी स्वतः तो फास मनगटात घालून एकदा ओढला. मग सहीचा कागद माझ्याकडे सरकवला. कागदावर दोन चौकोन असतात, पास आणि नापास. बावीस वर्षांत दुसऱ्या चौकोनात मी कधी खूण केलेली नव्हती. तो चौकोन किती कोरा होता! मी त्यात खूण केली आणि खाली सही केली.

चीफची खुर्ची दुसऱ्याला गेली. ती माझ्या टेबलासमोरच आहे. तिचं एक चाक कुरकुरतं. त्यावर काय लावायचं ते मला माहीत आहे, पण मला कोणी विचारलेलं नाही.

मिटवलेली तक्रार पुन्हा उघडताना कारण लिहावं लागतं, आणि त्यासाठी तयार यादी नसते, कारण तसं कोणी करत नाही. मी लिहिलं, “ट्रायल राहिली होती.” मग त्या आजींना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. पानाचा उल्लेख केला नाही. नव्या फासाचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा आमचा मेकॅनिक तो घेऊन उत्तरेला गेला आणि त्यांच्या गाडीला लावून आला. रंग आईंनी कराडहून फोनवर पक्का करवला होता. लपायला नको, राणीच हवा.

आजींचं उत्तर आठवड्याने आलं. पेन्सिलीने, एकाच ओळीचं. उघडलं, चार वेळा उघडून पाहिलं, पण रंग इतका भयंकर कोणी निवडला?